घोट्याची खोबणी आणि उभ्याने काढलेला एक्स-रे

श्रावणात शुक्रवारच्या रात्री आमच्या दौलताबादच्या रस्त्याला झोप नसते. छत्रपती संभाजीनगराहून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे पायी निघालेल्या भाविकांची रीघ पहाटेपर्यंत चालू असते आणि रस्त्याकडेच्या घरांतली माणसे त्यांच्यासाठी चहा-फराळ घेऊन उभी असतात. यंदा अशाच एका रात्री, चहाची किटली हातात घेऊन ओट्याची ओली पायरी उतरताना ६९ वर्षांच्या एका मावशींचा पाय मुरगळला. रात्र त्यांनी हळद-तेलाचा लेप लावून काढली. सकाळी मुलाने रिक्षातून दवाखान्यात आणले तेव्हा घोटा दुधीभोपळ्यासारखा सुजला होता आणि पायाच्या बोटातली जोडवी मांसात रुतली होती.

मी आधी जोडवी कापून काढली. मावशींना त्याचे दुखण्यापेक्षा अधिक वाईट वाटले; परंतु सूज वाढत असताना बोटात राहिलेले कडे त्या बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकते. घरात कोणाचाही पाय मुरगळला तर जोडवी, पैंजण, वाळे, घट्ट मोजा या वस्तू पहिल्या अर्ध्या तासातच काढाव्यात, तेव्हा त्या सहज निघतात. त्यानंतर मी पाय एका उशीत गुंडाळून बांधला आणि मावशींना एक्स-रेसाठी पाठवले.

दुपारी मुलगा फिल्म घेऊन परतला. बाहेरच्या घोट्याच्या हाडाला, सांध्याच्या पातळीवरून तिरपी वर गेलेली एक चीर होती. एव्हाना घरात दोन पक्ष पडले होते. पुण्याच्या भाच्याने फोनवर फोटो पाहून ‘आजच्या आज प्लेट बसवून घ्या’ असा निर्णय दिला होता. शेजारच्या काकांचे म्हणणे होते की एवढ्या चिरेला हाडवैद्याची पट्टी पुरे. मावशी स्वतः मला म्हणाल्या, “बाई, नुसती चीरच हाय म्हणत्यात. मग एवढा घोळ कशाला?”

चीर किती मोठी आहे, हा प्रश्न सगळेच विचारतात. घोट्याच्या बाबतीत मात्र उपचार ठरतो तो दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर: अंगाचा भार पडल्यावर सांधा आपल्या जागी राहतो की सरकतो? या प्रश्नाचे उत्तर झोपवून काढलेल्या एक्स-रेत पुष्कळदा सापडत नाही. आजचा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

घोटा म्हणजे एक हाड नव्हे. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाने उतरणारे बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक उलटी खोबणी तयार होते. आपण बोटांनी चाचपतो ते आतले आणि बाहेरचे उंचवटे म्हणजे त्या खोबणीचे दोन काठ. या खोबणीत पावलाचे टॅलस नावाचे हाड नेमके बसलेले असते. हाडे एकमेकांशी बांधून ठेवतात ते अस्थिबंध. त्यांतला सर्वांत दणकट अस्थिबंध आतल्या काठापासून पंख्यासारखा खाली पसरलेला असतो. हाडे आणि अस्थिबंध मिळून चाळणीच्या कड्यासारखे एक कडे होते. कडे एका जागी तडकले तरी चाळणी धरून ठेवते. दोन जागी तुटले की सुटून येते. बाहेरचे हाड मोडले पण आतला अस्थिबंध शाबूत राहिला, तर टॅलस जागेवर राहतो आणि तो घोटा स्थिर म्हणायचा. हाडाबरोबर अस्थिबंधही फाटला, तर घोटा अस्थिर झाला.

अडचण अशी की एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. कड्याची दुसरी तूट हाडात नसून अस्थिबंधात असेल तर फिल्मवर तिची रेषा उमटत नाही. तिचा अंदाज घ्यायचा तो आतला काठ आणि टॅलस यांमधल्या फटीवरून. ही फट साधारणतः ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते आणि टॅलसच्या वरच्या फटीइतकीच असते. आतली फट वरच्या फटीपेक्षा रुंद दिसू लागली की टॅलस बाहेर सरकत असल्याची शंका घ्यावी. मोजमाप मिलिमीटरचे आहे, हे भाच्यांनी ध्यानात ठेवावे. काचेवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने तिरपा काढलेला फोटो पाहून ही फट मोजता येत नाही. डॉक्टरांना मूळ फिल्म दाखवावी, किंवा केंद्राने दिलेली संगणकीय प्रत.

पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने १७६८ मध्ये हाडे मोडण्यावर लिहिताना, बाहेरचे बारीक हाड मोडणे, आतला अस्थिबंध फाटणे आणि पाऊल बाहेर सरकणे या तिन्हींचे एकत्र वर्णन केले होते. त्या वेळी एक्स-रे नव्हता. राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ मध्ये. मला यात गंमत वाटते ती अशी की एक्स-रे आल्यावर आम्हा डॉक्टरांचे लक्ष दिसणाऱ्या चिरेवर खिळले आणि न दिसणारा अस्थिबंध काहीसा मागे पडला.

टॅलस सरकल्याने काय बिघडते? १९७६ मध्ये रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मृतदेहांच्या पायांवर प्रयोग करून दाखवले की टॅलस १ मिलिमीटर बाहेर सरकला तरी दोन हाडांच्या एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. जात्याचा खुंटा सैल झाल्यावर वरचा दगड एका अंगाला घासू लागतो, तसेच हे. सारा भार थोड्या जागेवर पडतो, कूर्चा झिजते आणि काही वर्षांत सांधा कायमचा दुखू लागतो. या आकड्याच्या धाकाने पुढे बाहेरचे हाड जरासे सरकलेले दिसले तरी प्लेट बसवण्याकडे कल झाला. परंतु बाहेरचे हाड सरकले म्हणजे टॅलसही सरकला, असे नसते. आतला अस्थिबंध शाबूत असेल तर भार पडल्यावर टॅलस खोबणीत उलट अधिक पक्का बसतो.

हे मला पुस्तकात वाचून नव्हे, चूक करून समजले. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ देवगिरीच्या किल्ल्यावरून उतरताना घसरून पडले. (किल्ला चढताना माणूस दमतो, घोटे मोडतात ते उतरताना, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. उतरताना नजर समोरच्या दृश्यावर असते आणि गुळगुळीत पायरी पायाखाली.) त्यांच्या झोपवून काढलेल्या एक्स-रेत मावशींसारखीच चीर होती. फट नीट दिसली. आतल्या बाजूला जांभळट डाग होता. तो मी मुरगळीचा मानला. प्लास्टर घातले आणि सहा आठवडे मध्ये एकही चित्र काढले नाही. प्लास्टर काढून उभे केले, एक्स-रे घेतला, तेव्हा आतली फट जवळजवळ दुप्पट झालेली होती. पुढे शहरात शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा झालेली शस्त्रक्रिया वेळेवरच्या शस्त्रक्रियेची बरोबरी करत नाही. ते आजही काठी टेकत माझ्या दवाखान्यावरून जातात आणि नमस्कार करतात. तो नमस्कार घेणे मला जड जाते.

त्यावरून कोणी म्हणेल की आतून दुखते, डाग आहे, म्हणजे अस्थिबंध फाटलाच. तसेही नाही. आतल्या बाजूची सूज आणि वेदना यांवर खात्रीने विसंबता येत नाही; ती असूनही घोटा स्थिर निघतो आणि कधी नसूनही अस्थिर निघतो. म्हणून सांध्याची परीक्षाच घ्यावी लागते.

बाहेरच्या हाडाची मोड कोणत्या उंचीवर आहे यावरून पहिली चाळणी लागते. डॅनिस आणि वेबर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही विभागणी तुमच्या अहवालात ‘वेबर ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ अशी लिहिलेली आढळेल. सांध्याच्या खालची मोड म्हणजे ‘ए’. ती बहुधा स्थिर असते. सांध्याच्या वरची ‘सी’ बहुधा अस्थिर. सांध्याच्या पातळीवरची ‘बी’ सर्वांत अधिक आढळते आणि खरा पेच तिचाच. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही काठ मोडले असतील, सांधा निखळला असेल, फट आधीच रुंदावलेली असेल किंवा जखमेतून हाड उघडे पडले असेल, तर परीक्षेचा प्रश्नच उरत नाही. तो घोटा अस्थिर आहे, त्याला उभे करू नये, थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

पेचातल्या घोट्यासाठी एक जुनी पद्धत आहे. रुग्णाला दुखऱ्या कुशीवर निजवून पाऊल टेबलाच्या कडेबाहेर सोडतात आणि गुरुत्वाने ते खाली ओढले जात असताना एक्स-रे काढतात. ही परीक्षा सोपी आहे, पण कडक आहे. अस्थिबंधाचा काही भाग शाबूत असलेले, चालताना मुळीच न सरकणारे घोटेही तिच्यात नापास होतात, आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रिया केली तर ती अकारण ठरू शकते.

दुसरी परीक्षा उभ्याची. दुखापतीनंतर साधारण आठवड्याभराने, सूज व वेदना जरा ओसरल्यावर, पायाची पट्टी काढून रुग्णाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करतात. आधाराला वॉकर असतो, शेजारी माणूस असतो. पाऊल सुमारे १५ अंश आत वळवलेले असते, म्हणजे खोबणी दोन्ही काठांसह मोकळी दिसते. किरण आडवे समोरून येतात. या चित्रात टॅलस जागेवर आणि फट सर्व बाजूंनी सारखी दिसली, तर चालताना जो भार पडणार आहे तोच भार देऊन घोट्याने साक्ष दिली असे समजावे. एकाऐवजी दोन्ही घोट्यांचे चित्र घेतले तर धडधाकट पायाशी ताडूनही पाहता येते. यातले उभे राहणे काही क्षणांचे आणि देखरेखीखालचे असते. घरी स्वतःहून चालून पाहणे म्हणजे ही परीक्षा नव्हे.

पुष्कळांना वारंवार एक्स-रे काढण्याची भीती वाटते. घोट्याच्या एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग एका मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. माती, हवा, आकाश यांतून काही तासांत आपोआप मिळतो तेवढाच. दोन-तीन चित्रे अधिक निघाली म्हणून ज्येष्ठांनी चिंता करू नये. चित्र न काढल्याची किंमत काय असते, ते मी वर सांगितलेच आहे.

मावशींना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची संवेदना मंदावलेली असेल तर मोडलेल्या घोट्यावरही माणूस चालत राहतो, कारण दुखतच नाही. मग हाडे ढासळतात आणि पायाचा आकारच बिघडतो. एक्स-रे काढावा की नाही हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये काही नियम मांडले गेले. घोट्याच्या भागात दुखत असून रुग्णाला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कडा खालच्या ६ सेंटिमीटरपर्यंत दाबताना कुठे दुखत असेल, तर एक्स-रे काढावा, असा त्यांचा आशय. नियम चांगले आहेत. पण ते वेदनेवर उभे आहेत. संवेदना मंद झालेल्या पायाला ते लावू नयेत. अशा रुग्णाचा पाय सुजला तर दुखो न दुखो, एक्स-रे काढून घ्यावा. मावशींच्या तळव्याला मी नायलॉनच्या तंतूने स्पर्श करून पाहिले. सुदैवाने संवेदना चांगली होती. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगालाही दाबून पाहिले. घोटा पिरगळल्याचा झटका कधी कधी वरपर्यंत जातो आणि बारीक हाड तिथे मोडते. फक्त घोट्याच्या चित्रात ते येतच नाही.

त्यांना मी पाठीमागून आधार देणारी अर्धी प्लास्टरपट्टी बांधली, पाय उशांवर उंच ठेवायला सांगितले, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिले. मधुमेह व रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी दुकानातून आणलेल्या जोरकस वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडावर त्यांचा ताण येतो. काकांना सांगितले की हाडवैद्याची घट्ट पट्टी नको. सुजणाऱ्या पायावर न ताणणारी घट्ट पट्टी बांधल्याने रक्तपुरवठा थांबून पाय गमावण्याची वेळ येते. बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही वेदना वाढतच गेली, तर रात्र असो, घाटी रुग्णालय गाठा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तरी तसेच, कारण पाय हलत नसताना शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते.

आठव्या दिवशी शहरात अस्थिरोगतज्ज्ञांनी मावशींना उभे करून एक्स-रे काढला. मुलगा सांगत होता, आई वॉकर घट्ट धरून सगळा भार चांगल्या पायावरच देत होती. तंत्रज्ञाने प्रत्येक पायाखाली वेगळा वजनकाटा ठेवला आणि दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत थांबला. मला त्या तंत्रज्ञाचे कौतुक वाटले. भार न घेता उभे राहिलेल्या पायाचे चित्र झोपवून काढलेल्या चित्राहून फारसे अधिक सांगत नाही. काळजीवाहकांनी तिथे असल्यास ‘आई, या पायावरही उभी राहा’ एवढे तरी म्हणावे.

फट सारखी निघाली. घोटा स्थिर होता.

स्थिर घोट्याला शस्त्रक्रिया लागत नाही, आणि पूर्वीइतके दीर्घ प्लास्टरही बहुधा लागत नाही. फिनलंडमधील ओउलू येथे स्थिर वेबर बी प्रकारच्या २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे प्लास्टर किंवा काढता येणारा आधार दिलेले रुग्ण वर्षअखेर सहा आठवडे प्लास्टर घातलेल्यांच्या मागे पडले नव्हते. मधुमेहींचे हाड मात्र सावकाश जुळते, म्हणून मावशींच्या बाबतीत तज्ज्ञांनी घाई केली नाही. त्यांना चालण्याचा बूट मिळाला, वॉकर मिळाला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभ्याने एक्स-रेची तारीख मिळाली.

समजा, अस्थिर निघाला असता तर? तेव्हाही साठीपुढे ‘प्लेट हाच एक मार्ग’ असे नाही. ब्रिटनमध्ये साठीवरच्या ६२० अस्थिर घोट्यांच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया आणि भूल देऊन शल्यविशारदाने अंगाबरोबर घातलेले प्लास्टर यांची तुलना केली गेली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतली माणसे सारखीच चालत-फिरत होती. शस्त्रक्रियेच्या गटात जखम चिघळण्याचे प्रमाण १० टक्के होते, प्लास्टरच्या गटात १ टक्का. उलट हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण प्लास्टरमध्ये १५ टक्के, शस्त्रक्रियेत ३ टक्के. शिवाय प्लास्टरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ पाचांतल्या एकाला पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पातळ त्वचा, मधुमेह, पायाचा मंद रक्तप्रवाह असलेल्या ज्येष्ठांच्या घरी हे आकडे तज्ज्ञांसमोर बसून बोलण्याजोगे आहेत. मात्र ते प्लास्टर म्हणजे नाक्यावर घालून मिळणारे प्लास्टर नव्हे, आणि त्यामागून वारंवार एक्स-रे काढण्याची शिस्त पाळता येणार नसेल तर तो मार्ग धरू नये.

मावशींच्या हाडांच्या घनतेची तपासणी अजून राहिली आहे. पन्नाशीनंतर उभ्या जागेवरून पडून हाड मोडले की हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहावे. ओट्याच्या पायरीला मुलाने खडबडीत फरशी बसवली आणि भिंतीला हातकठडा लावला. ते त्याने मी न सांगताच केले.

आता आठवा आठवडा चालू आहे. मावशी बुटाशिवाय घरात चालतात, संध्याकाळी पाय सुजतो, तो आणखी काही महिने सुजेल. परवा त्या आल्या तेव्हा पदराच्या गाठीत सोनाराकडून जोडून आणलेली जोडवी होती. घालू का, असे विचारत होत्या. मी म्हणाले, सूज उतरली तर दिवाळीला घाला. त्यांनी गाठ पुन्हा बांधली आणि मुलाला विचारले, दिवाळी किती तारखेला आहे.